फूड लॅबमधलं काम: मशीनपेक्षा नमुना जास्त छळतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. विज्ञानाची पदवी हातात आहे आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम मिळण्यासारखं आहे. दिवसभर नक्की काय करावं लागतं? मशीन चालवता आली की भागतं का? आणि पुढे काही वाट आहे, की ब्युरेट (द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडायची काचेची नळी) धरूनच निवृत्त व्हायचं?

मशीनचं आधी सांगते, कारण नव्या मुलामुलींना धास्ती त्याचीच असते. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), स्पेक्ट्रोफोटोमीटर, टेक्स्चर अ‍ॅनलायझर ही नावं ऐकून दडपण येतं, पण बटणं कुठली आणि नमुना कुठे घालायचा हे लवकर हाताला बसतं. शिवाय कारखान्यांच्या पुष्कळ लॅबमध्ये एचपीएलसी नसतंच, ते नमुने बाहेरच्या लॅबला जातात. रोजचं काम तराजू, ओव्हन, पीएच मीटर, रिफ्रॅक्टोमीटर, ब्युरेट आणि इनक्युबेटर यांच्यावर चालतं. यातलं बरंचसं कॉलेजात पाहिलेलं असतं. न पाहिलेला भाग मशीनच्या अलीकडचा आहे: नमुना कुठून आला, कोणी घेतला, कसा दळला-कालवला, आणि त्यातला जो चमचाभर मशीनमध्ये गेला तो अख्ख्या बॅचच्या वतीने बोलू शकतो का. माझ्या मते या नोकरीचा मोठा हिस्सा हाच आहे, आणि नोकरीच्या जाहिरातीत त्याबद्दल एक ओळही नसते.

दिवस साधारण असा जातो. शिफ्ट सुरू झाली की फ्रिज, फ्रीझर, इनक्युबेटर यांची तापमानं लॉगबुकात. मग तराजूवर प्रमाणित वजन ठेवून तपासणी. मग पीएच मीटर ४.०१ आणि ७.०० च्या बफरवर (पीएच ठरलेल्या द्रावणांवर) लावून घ्यायचा आणि स्लोप बघायचा. २५ अंशांना एका पीएचच्या फरकाला इलेक्ट्रोडने सुमारे ५९ मिलिव्होल्ट द्यायला हवेत. देत नसेल तर इलेक्ट्रोड साफ करा नाहीतर बदला, पण तसाच वापरू नका. एवढं होईतो लाइनवरून नमुने यायला लागतात आणि प्रत्येक नमुन्यामागे कोणीतरी घाईत उभं असतं. ओलावा, आम्लता, ब्रिक्स (रिफ्रॅक्टोमीटरवर दिसणारा विरघळलेल्या साखरेचा आकडा), मीठ, घट्टपणा हे सगळं दुपारपर्यंत. मधेच कच्च्या मालाची गाडी येते, तो नमुना सगळ्यांच्या पुढे घुसतो. दुपारनंतर आधीच्या दिवसांच्या, जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेट मोजायच्या, मीडिया म्हणजे जंतूंचं खाद्य तयार करून ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) लावायचा, आणि काचसामान. काचसामान धुणं हलकं काम आहे असं वाटत असेल तर साबणाचा अंश राहिलेल्या फ्लास्कमध्ये आम्लता काढून बघा.

आता नमुना. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. माग काढता काढता संशय त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीवर आला, आणि त्यातून बुरशीच्या एका विषाचा शोध लागला: अफ्लाटॉक्सिन. हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं. पोत्यातले हजारो दाणे निर्धोक असतात आणि एखादाच दाणा इतका विषारी असतो की सगळ्या पोत्याचा आकडा त्याच्यापायी मर्यादेबाहेर जावा. मूठभर नमुन्यात तो दाणा सापडला नाही तर अहवाल स्वच्छ येतो, सापडला तर आकडा आभाळाला भिडतो. दोन्ही वेळा मशीन खरंच बोलत असतं. म्हणून अशा मालाचा नमुना ग्रॅममध्ये घ्यायचा नसतो, किलोंमध्ये घ्यायचा असतो. तो वेगवेगळ्या पोत्यांतून, वेगवेगळ्या खोलीवरून घ्यायचा आणि सगळाच्या सगळा बारीक दळून मगच त्यातला छोटा भाग तपासायचा. अर्धा किलो दळून बाकीचा 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवला, तर पुढचं सगळं महागडं विश्लेषण वाया.

अफ्लाटॉक्सिन हे टोकाचं उदाहरण झालं, पण जवळपास प्रत्येक पदार्थ आपापल्या परीने असाच फसवतो. पावडरींचं मिश्रण वाहतुकीत हलतं तेव्हा जाड कण वर येतात आणि बारीक खाली झिरपतात, त्यामुळे पिशवीच्या तोंडाशी घेतलेल्या चमच्यात मीठ कमी आणि तळाशी जास्त निघू शकतं. दूध स्थिर राहिलं की स्निग्धांश वर जमतो. गोठवलेली फळं अर्धवट वितळली की साखर आणि आम्ल आधी सुटणाऱ्या रसात उतरतात, आणि तोच रस बाटलीत भरून लॅबला आला तर ब्रिक्स छान वाढलेला दिसतो. पीठ तर नमुन्याची बरणी उघडी असेपर्यंत हवेशी देवघेव करत राहतं. लाइनवरचा माणूस नमुना आणून देतो तेव्हा 'कुठून घेतला?' हे विचारायची लाज बाळगू नका. सुरुवातीला लोक वैतागतात. नंतर तेच आपणहून सांगायला लागतात.

ओलावा ही सगळ्यात सोपी टेस्ट समजली जाते आणि नवीन माणसाला पहिल्यांदा तीच देतात. डिशचं वजन करा, नमुना घाला, ओव्हनमध्ये ठेवा, थंड करा, पुन्हा वजन करा. पण ओव्हनला पाणी ओळखता येत नाही, त्याला फक्त घटलेलं वजन कळतं. साखर जास्त असलेला पदार्थ १०५ अंशांवर ठेवला की साखरच विघटित व्हायला लागते, तीही वजन घटवते, आणि तुम्ही ते पाणी म्हणून लिहून मोकळे होता. म्हणून तिथे व्हॅक्यूम ओव्हन लागतो, ७० अंशांच्या आसपास. सुगंधी तेलं असलेल्या मसाल्यांत पाण्याबरोबर तेलही उडतं, म्हणून तिथे टोल्युईनबरोबर ऊर्ध्वपातन करून निघालेलं पाणी थेट नळीत मोजतात. डिश गरम असतानाच तराजूवर ठेवली तर भोवतालची हवा तापून वर जाते आणि वजन कमी दिसतं. डेसिकेटरमधल्या (डिश कोरड्यात थंड करायच्या बंद भांड्यातल्या) ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग कधीच बदलून गेलेला असेल तर थंड होता होता डिश ओल परत पिते. एवढ्या 'सोप्या' टेस्टमध्ये चुकायच्या इतक्या जागा आहेत, आणि यातली एकही चूक मशीनच्या पडद्यावर लाल दिवा लावत नाही.

ओलाव्याचा सख्खा पण स्वभावाने वेगळा भाऊ म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. पदार्थात पाणी किती आहे हे ओलावा सांगतो. त्यातलं किती पाणी सूक्ष्मजंतूंच्या आणि रासायनिक क्रियांच्या हाती लागण्यासारखं आहे, हे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी सांगते. शुद्ध पाण्याची १, पूर्ण कोरड्या पदार्थाची ०. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र हट्टी, तो ०.८६ पर्यंत तग धरतो, म्हणून बऱ्याच नियमांत ०.८५ ही रेघ दिसते. ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजंतू वाढत नाही. जंतू मरतात असं मात्र नाही. कोरड्या पावडरीत साल्मोनेला महिनोन्महिने जिवंत बसून राहतो. नव्यांची इथे हमखास गल्लत होते.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. बिस्किटात जॅम भरला की पाणी एकातून दुसऱ्यात जातं ते दोघांच्या वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीतल्या फरकामुळे. ओलाव्याची टक्केवारी बघून ते कळत नाही. बिस्किट का मऊ पडतंय म्हणून प्रॉडक्शनवाले ओव्हनचं तापमान वाढवत बसतात, तेव्हा खरं उत्तर जॅमच्या बरणीत असतं. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजायचं मशीन तपासायला मिठाचं संपृक्त द्रावण वापरतात, २५ अंशांना त्याचं रीडिंग ०.७५३ यायला हवं. आणि नमुना त्याच तापमानाला येऊ द्या. गरम नमुना घालून घेतलेलं रीडिंग लिहू नका.

पीएचची मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी मांडली आणि नायट्रोजन मोजण्याची केल्डाल पद्धत १८८३ ची. दोन्ही कोपनहेगनच्या एकाच बिअर कंपनीच्या, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतून आल्या. कारखान्याच्या लॅबमध्ये 'खरं विज्ञान' होत नाही असं कोणी म्हणालं तर मी हे दोन दाखले देते. पीएचमधला आपल्या कामाचा सगळ्यात मोठा आकडा ४.६. हवाबंद डब्यात याच्या वर पीएच असेल तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू रुजून विष तयार करू शकतात, म्हणून असे पदार्थ दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास शिजवावे लागतात. ४.६ च्या खाली असेल तर सौम्य उष्णता पुरते. आता भाजीच्या फोडी आंबट द्रावणात घालून डबा बंद केला आणि लगेच द्रावणाचा पीएच घेतला तर तो सुरेख कमी येईल. फोडीच्या गाभ्यात आम्ल अजून पोचलेलंच नसतं. द्रावण आणि फोडी समतोलाला येऊ देऊन, फोडी वाटून घेतलेला पीएच खरा. पुन्हा तेच, मीटर बरोबर होता, नमुना चुकला होता.

केल्डालचीही एक मर्यादा आहे आणि तिची किंमत फार मोठी मोजली गेली. ही पद्धत नायट्रोजन मोजते. मग त्याला गुणक लावून आपण प्रथिनं म्हणतो: साधारण पदार्थांना ६.२५, दुधाला ६.३८, गव्हाच्या पिठाला ५.७०. म्हणजे नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधातली प्रथिनं भरपूर दिसावीत म्हणून मेलामाइन नावाचं औद्योगिक रसायन मिसळलेलं आढळलं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावल्याचं सरकारी आकडे सांगतात. फसवणाऱ्यांना ही टेस्ट काय बघू शकत नाही ते नेमकं माहीत होतं.

तेव्हा प्रत्येक टेस्ट शिकताना ती काय बघू शकत नाही हेही वहीत लिहून ठेवा. तेलाच्या खवटपणासाठी पेरॉक्साइड व्हॅल्यू काढतात. ती आधी वाढते, मग पेरॉक्साइडं तुटायला लागली की उतरते. म्हणजे कमी आकडा ताज्या तेलाचाही असू शकतो आणि पार वाया गेलेल्या तेलाचाही. नाक लावून बघा, पेरॉक्साइडं तुटून जे उरतं ते दाखवणारी अ‍ॅनिसिडीन व्हॅल्यू काढा. ब्रिक्समध्ये रिफ्रॅक्टोमीटर फक्त साखर मोजत नाही, विरघळलेलं मीठ आणि आम्लही त्यात येतं. अ‍ॅलर्जनच्या (अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकाच्या) झटपट पट्टीवर अ‍ॅलर्जन अतिशय जास्त असेल तर कधीकधी रेघच उमटत नाही आणि नमुना स्वच्छ वाटतो. म्हणून शंका असलेला नमुना आणखी पातळ करून पुन्हा तपासतात. स्वच्छतेसाठीचा एटीपी (पेशींतलं ऊर्जेचं रसायन) मोजणारा स्वॅब काही सेकंदांत आकडा देतो, पण तो जंतूंची संख्या नव्हे. पृष्ठभागावर राहिलेल्या अन्नाचाही एटीपी त्यात मोजला जातो. अशी यादी प्रत्येकाने आपापल्या लॅबपुरती बनवावी. कोणी बनवून दिलेली वाचून तेवढा उपयोग होत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असेल तर कामाची लय बदलते. रसायनाच्या टेबलावर तासाभरात उत्तर मिळतं, इथे जंतू वाढेपर्यंत थांबावं लागतं. एकूण संख्येची प्लेट ३० अंशांना ७२ तास, यीस्ट-बुरशीची २५ अंशांना साधारण ५ दिवस. साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये नाही एवढं म्हणायलाही जुन्या पद्धतीने तीनेक दिवस जातात, कारण आधी तो पोसून वाढवावा लागतो. हाताचं कसब इथे लागतं: ज्योतीजवळ काम करणं, प्रत्येक डायल्युशनला (नमुना पातळ करायच्या टप्प्याला) नवी पिपेट, झाकण हवं तेवढंच उघडणं. ज्या प्लेटवर साधारण ३० ते ३०० कॉलनी (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) असतात तीच मोजायला धरतात. त्याहून गर्दी असेल तर कॉलनी एकमेकींना दाबतात, कमी असतील तर योगायोगाचा वाटा वाढतो. रोज एक रिकामी कंट्रोल प्लेट लावा. ज्या दिवशी तिच्यावर कॉलनी दिसेल त्या दिवशी तिचं महत्त्व पटेल.

पण तपासून तपासून सुरक्षितता मिळत नाही, हे लॅबवाल्यांनीच आधी समजून घ्यायला हवं. समजा हजारात एक पाकीट दूषित आहे आणि तुम्ही एका लॉटमधून ६० पाकिटं तपासली. सगळी स्वच्छ निघण्याची शक्यता ०.९९९ चा ६० वा घात, म्हणजे सुमारे ९४ टक्के. एवढी मेहनत करूनही शंभरातल्या ९४ वेळा दूषित लॉट निसटतो. प्रमाण शंभरात एक असलं तरी निम्म्याहून जास्त वेळा निसटतो. १९६० च्या दशकात अंतराळवीरांचं अन्न बनवताना नासा, अमेरिकी लष्कराची नॅटिक प्रयोगशाळा आणि पिल्सबरी कंपनी याच अडचणीत सापडले. खात्री पटेपर्यंत तपासायचं तर बहुतेक माल तपासणीतच संपतो. त्यातून हॅसेपची पद्धत आली: धोका प्रक्रियेत कुठे शिरतो ते शोधा आणि तिथेच, त्याच वेळी, तापमान-वेळ-पीएच धरून ठेवा. टेक्निशियनच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पाश्चरायझरचा थर्मामीटर आणि मेटल डिटेक्टर तपासणं हे प्लेट मोजण्याइतकंच तुमचं काम आहे. मेटल डिटेक्टरवर लोखंडी, बिगरलोखंडी आणि स्टेनलेस स्टील असे तीन तुकडे सोडून बघतात. स्टेनलेस पकडणं सगळ्यात अवघड, आणि पट्ट्यावरच्या खिडकीच्या मध्यभागी डिटेक्टर सगळ्यात कमजोर असतो. तुकडा कडेने सोडून 'ओके' लिहिणारे असतात. तुम्ही मधोमध सोडा.

चव घेण्याच्या पॅनेलवर बसायला सगळ्यांना आवडतं, थोड्या दिवसांनी तेही काम वाटायला लागतं. तीन नमुन्यांतला वेगळा ओळखायचा असेल तर नुसत्या अंदाजानेही तिसरा हिस्सा उत्तरं बरोबर येतात, म्हणून चार जणांनी 'फरक कळला' म्हटलं की नवी रेसिपी बाद करायची नसते. सर्दी असेल त्या दिवशी बसू नका.

आता जाहिरातीत नसणारा दुसरा भाग: दबाव. ओलाव्याची मर्यादा ४.५ टक्के आहे, तुमचा आकडा ४.७ आला. फोन येतो, 'पुन्हा एकदा बघता का?' पुन्हा केलं, ४.४ आला. समोरचा म्हणतो, झालं, ४.४ लिहा. हे करू नका. ४.७ खोटा होता असं म्हणायला कारण हवं: डिश सांडली, ओव्हनचं दार उघडं राहिलं, वजन लिहिताना अंक उलटा पडला. कारण सापडलं तर ते लिहून तो आकडा बाद करा. सापडलं नाही तर दोन्ही आकडे लिहा आणि पुढे काय करायचं ते लॅबच्या लेखी पद्धतीप्रमाणे ठरू द्या. पास होईपर्यंत टेस्ट करत राहिलं तर कुठलाही माल कधीतरी पास होतोच. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलावं हा प्रश्न गिनेस कंपनीत काम करणाऱ्या गॉसेट यांनाही पडला होता. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलेली टी-टेस्ट आजही आपण वापरतो. ती समजून घ्या. फोनवर भांडण्यापेक्षा तिचा आधार जास्त टिकतो.

लॉगबुकात पेनाने लिहायचं, चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, हाताच्या पंजावर किंवा टिश्यूवर लिहून नंतर उतरवणं नाही. तापमानाच्या रकान्यात महिनाभर ओळीने ४, ४, ४ दिसलं की ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

शरीराला हे काम कसं पडतं तेही विचारात घ्या. बराच वेळ उभ्याने जातो, शिफ्ट असतात, जंतूंना रविवार कळत नसल्याने प्लेट मोजायला सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी यावंच लागतं. अत्तर, नेलपॉलिश, अंगठ्या, घड्याळ बंद. बोट कापलं तर निळीच पट्टी लावायची, कारण निळा रंग अन्नात चटकन उठून दिसतो. राखेची भट्टी ५५० अंशांवर असते, केल्डालमध्ये उकळतं गंधकाम्ल असतं, दुधाच्या फॅटसाठी गर्बरची नळी आम्ल भरून हाताने उलटीपालटी करावी लागते. चष्मा आणि हातमोजे घातले नाहीत म्हणून कोणी शूर ठरत नाही. जुलाब-उलट्या होत असतील तर कामावर येऊ नका आणि कारण स्पष्ट सांगा. चांगल्या ठिकाणी त्यासाठी बोलणी बसत नाहीत.

पुढची वाट आहे, पण ती आपोआप उघडत नाही. एकाच टेबलावर तीच टेस्ट करत राहिलं तर खरंच ब्युरेट धरून निवृत्ती येईल. प्लेट मोजणाऱ्याने लाइनवर जाऊन प्रक्रिया समजून घेतली तर क्यूए (गुणवत्ता हमी) आणि हॅसेप टीमकडे जाता येतं. पद्धती पडताळणं आणि मोजमापातली अनिश्चितता काढणं ज्यांना आवडतं त्यांना आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाप्रमाणे चालणाऱ्या बाहेरच्या लॅबमध्ये मान मिळतो. नव्या पदार्थांच्या विकासात जायचं असेल तर टिकाऊपणाच्या चाचण्या मनापासून करा. जास्त तापमानाला ठेवून महिन्यांचं उत्तर आठवड्यांत काढायची पद्धत तिथे शिकाल, आणि ज्या तापमानाला आतली चरबी वितळते तिथे ती पद्धत कशी पार खोटी पडते हेही. सगळ्यांनाच हे काम मानवत नाही. ज्यांना रोज नवीन काहीतरी हवं असतं ते कंटाळतात. त्याच टेस्टमध्ये आज आकडा अर्ध्या टक्क्याने का हलला, हे शोधल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही ते टिकतात.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर तीन गोष्टी विचारा. लाइनवरचे नमुने कोण घेतं आणि त्याला ते शिकवलं जातं का? आकडा मर्यादेबाहेर गेला तर काय करायचं हे लेखी आहे का? आणि लॅबचा प्रमुख कोणाच्या हाताखाली आहे, प्रॉडक्शनच्या की स्वतंत्र? तिसऱ्याचं उत्तर 'प्रॉडक्शनच्या' असं आलं तर दुसऱ्याचं उत्तर कागद दाखवूनच द्यायला सांगा.